कार्बनचा सराटा

मी खोटं बोलत नाही. खरं थोडं फुगवून सांगते, एवढंच. भाकरी टम्म फुगली म्हणून तिच्यातलं पीठ काही वाढत नाही. पुढच्या गोष्टीत फुगलेलं किती आणि पीठ किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. कार्बनबद्दल मात्र मी एक अक्षर वाढवलेलं नाही, कारण कार्बन स्वतःच असा बिलंदर आहे की माझ्यासारखीला वाढवायला जागाच ठेवत नाही.

अकरा वर्षं मी इंदापूर तालुक्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल त्या दिवशी मी शिक्षिका आणि सुट्टी असेल त्या दिवशी मी कुणीच नाही. दिवाळीच्या सुट्टीत तर मी अशी विरून जायचे की घरातली मांजरसुद्धा मला ओळखत नसे. आवाज तेवढा कायमचा होता. मी वर्गात 'हायड्रोजन' असं ठासून म्हटलं की पळसदेवच्या पाण्यातले मासे तळाला जातात आणि कोळी लोक माझ्या नावानं बोटं मोडतात, असं पोरं म्हणायची. पळसदेव आमच्या कॉलेजपासून किती लांब आहे हे मी मुद्दामच सांगत नाही.

तर त्या वर्षी बारामतीच्या एका संस्थेत रसायनशास्त्राची कायम जागा निघाली. जागा एक, आणि माझ्या वयाची मर्यादा संपायला उरलेले महिने चार. ही हुकली की पुढच्या जाहिरातीला माझा अर्ज पाकीट न फोडताच बाद. निवड समितीपुढं खरोखरीच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा होता आणि पाठाचा विषय त्यांनीच कळवला होता: मिथेनची रचना आणि संकरण.

ते पत्र वाचलं आणि घडी करून मी उशीखाली दडवलं. कारण एक गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. अकरा वर्षं संकरण शिकवूनही ते मला कळलेलं नव्हतं.

पाठ होतं, झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं. कार्बनच्या बाहेरच्या घरात चार इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉन जिथं सापडायचा संभव जास्त त्या जागेला ऑर्बिटल म्हणायचं. एक ऑर्बिटल एस, लाडवासारखं गोल. तीन ऑर्बिटलं पी, डमरूच्या आकाराची आणि एकमेकांशी काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळतात तशी. दोन इलेक्ट्रॉन एसमध्ये, दोन पीमध्ये. मग एसमधला एक उडी मारून रिकाम्या पीमध्ये जातो. मग एक एस आणि तीन पी मिसळतात आणि चार नवी, अगदी सारखी ऑर्बिटलं तयार होतात. कुठल्याही दोघांमधला कोन एकशे साडेनऊ अंश. चौघांना चार हायड्रोजन चिकटले की झाला मिथेन.

हे मी आरतीसारखं म्हणायचे. मनात मात्र पक्कं धरलेलं की तीन हायड्रोजन पीचे आणि चौथा बिचारा एसचा. म्हणून फळ्यावर तीन हायड्रोजन पांढऱ्या खडूनं काढायचे आणि चौथा लाल. अकरा वर्षांत किती पोरं तो लाल हायड्रोजन डोक्यात घेऊन तालुक्याबाहेर पडली असतील, त्यांचा विचार केला की अजून घाम फुटतो.

फळ्यावर भागतं. समितीपुढं हातात धरून फिरवता येईल अशी वस्तू पाहिजे, असं मी ठरवलं आणि चाचांकडं गेले.

चाचांचं वरकुट्याच्या फाट्यावर फॅब्रिकेशनचं दुकान. गेट, खाटा, उसाच्या ट्रॉल्या, वालचंदनगरच्या क्वार्टरांच्या खिडक्यांच्या जाळ्या, सगळं त्यांच्या हातचं. आमची वस्ती त्यांच्या दुकानामागं, त्यामुळं मी रांगायला लागल्यापासून ते मला ओळखतात. त्यांच्या वेल्डिंगचा उजेड असा की एकदा पळसदेवच्या कोळ्यांना उजाडलं वाटलं आणि त्यांनी भल्या अंधारात जाळी ओढली. मासे झोपेतच सापडले. त्यांचा सगळा भरवसा गुण्यावर. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. ती त्यांच्या हातात नसली की त्यांना कपडे घातल्यासारखं वाटत नाही. चाचींच्या घरी चपात्यासुद्धा चौकोनी लाटतात, असं गावात बोलतात. मी खाल्ल्यात. जवळजवळ चौकोनीच असतात.

"चाचा, मला मिथेन करून पाहिजे," मी म्हटलं.

"मिथेन? गोबरगॅसमधला? टाकी गळाया लागली काय?"

"टाकी नाही हो. त्याचा एक कण. मध्ये एक गोळा, चार बाजूंना सळया आणि सळयांच्या टोकाला चार गोळे."

"किती फुटी?"

"कण म्हणतेय मी, चाचा!"

"व्हय, पर दिसाया पायजे का न्हाय? दीड फूट धरतो. गेटाच्या खांबावर लावायचं गोळं हायत माझ्याकडं. अँगल कसला?"

"एकशे साडेनऊ."

चाचांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. "पोरी, असला अँगल कुणाच्या घरात हाय? दाराला न्हाय, खाटंला न्हाय, ट्रॉलीला न्हाय. तू जा. मी करतो बराबर."

तिसऱ्या दिवशी गेले. ओट्यावर माझा मिथेन होता. तीन सळया गुण्यात, एकमेकींशी चोख काटकोन, कुठं केसाचं अंतर नाही. आणि चौथी सळई जिथं जागा मिळाली तिथं, उलट्या बाजूला, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखी तिरकी. चाचांनी तो उभा केला. पडला. कूस बदलून ठेवला. लोळला. तिसऱ्या वेळी ओट्यावरून खाली आला आणि चाचींच्या कोंबडीनं जागीच अंडं टाकलं.

चाचांची मान खाली गेली. मी मात्र त्या वस्तूकडं बघतच राहिले. कारण ती चूक नव्हतीच. न मिसळलेला कार्बन असलाच झाला असता! तीन डमरू काटकोनात, आणि लाडवाला दिशाच नाही म्हणून चौथा हायड्रोजन मिळेल तिथं. अकरा वर्षं मी जे मनात धरलं होतं ते चाचांनी लोखंडात करून समोर ठेवलं होतं, आणि ते उभंही राहत नव्हतं.

तरी खोड कुठं जाते? मी म्हटलं, "कोन नंतर बघू. हा चौथा गोळा लाल रंगवा."

"का?"

"तो वेगळा आहे."

"वजनाला?"

"नाही."

"मग लांबीला?"

"नाही. चारही बंध सारखेच असतात. मोजलेत शास्त्रज्ञांनी."

"समदं सारखं हाय," चाचा सावकाश म्हणाले, "तर मग ह्यो एकटाच लाल का?"

मी तोंड उघडलं. तोंडातून काही आलं नाही. माझ्या आयुष्यात असं दोनदाच झालंय, आणि पहिल्यांदा मी जन्मत होते.

चहा घेऊन आलेल्या चाची म्हणाल्या, "सांगा की आता मॅडम. अकरा वरसं पोरास्नी सांगताय नव्हं?"

आणि तेवढ्यात चाची "आई गं!" करून एका पायावर उड्या मारायला लागल्या. चप्पल फोडून सराटा टाचेत घुसला होता. आमच्या माळरानाचं पीक म्हणजे सराटा. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, पिवळं फूल दिसायला देखणं, आणि फळाचे काटे असे की सायकल जाऊ द्या, मी त्यानं विमानाचं चाक बसलेलं पाहिलंय. बारामतीला विमानतळ आहे, हे ऐकणाऱ्यानं विसरू नये.

चाचांनी चाचींच्या टाचेतून तो उपसला आणि फेकायला हात उचलला, तो तसाच राहिला. सराटा त्यांनी ऐरणीवर टाकला. तीन काटे खाली, एक वर. उचलून परत टाकला. तीन खाली, एक वर. आता दुसराच काटा वर होता.

"ह्याच्यायला," चाचा म्हणाले. "कसाबी टाक, एक वर ऱ्हातोयच. ह्यात लाल कंचा?"

"माझी टाच दुखतीया आन् ह्यांचा खेळ चाललाय," चाची बोलल्या, पण त्याही वाकून बघत होत्या.

मग दुपारभर आम्ही तिघं ऐरणीवर सराटा टाकत बसलो. गेट न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक तासभर उभं राहून बघत होतं आणि शेवटी त्यानंही दोनदा टाकून पाहिला. सगळे काटे अगदी सारखे नव्हते, दोन जरा खुजे होते. पण खोड तीच. चौघं एकमेकांपासून जितकं लांब पळता येईल तितकं पळालेले. इलेक्ट्रॉनांचंही तेच असतं. प्रभाराची जात एक, म्हणून एकमेकांना ढकलतात आणि जागा असेल तेवढं अंग पसरतात.

पण दीड फुटाचा सराटा करायचा कसा? चाचा म्हणाले, "गुण्यात बसत न्हाय." आणि असं म्हणून गुण्याकडंच बघत बसले. बऱ्याच वेळानं उठले आणि त्यांनी सळयांचं एक चौरस खोकं केलं, चारी बाजूंनी आणि उंचीला सारखं. आठ कोपरे. त्यातला एक सोडून एक धरला, तर चार कोपरे आले. खोक्याच्या मधोमध गोळा टांगला आणि तिथून त्या चार कोपऱ्यांना चार सळया जोडल्या. मग कटर घेतला आणि बाहेरचं खोकं कापून काढून टाकलं.

राहिला तो सराटा. कंपासपेटीतला कोनमापक लावला. एकशे नऊ, आणि वरच्या अर्ध्या अंशासाठी चाचा आणि मी भांडलो, पण तो कोनमापक प्लास्टिकचा होता.

"बघ," चाचा घाम पुसत म्हणाले, "गुण्याच्याच पोटातनं निघालं. दिसत न्हाय, एवढंच."

त्या दिवशी मला संकरण कळलं. खोक्याच्या तीन बाजू म्हणजे तीन पी. काटकोनात, जशा शिकवल्या होत्या तशाच. त्या कुठं गेल्या नाहीत, मेल्या नाहीत. प्रत्येक सळईनं लांबी, रुंदी आणि उंची, तिन्हींचा सारखा वाटा घेतला होता, आणि गोल लाडवाचा एक एक चतकोर प्रत्येकीच्या पदरात. एसची अशी वेगळी सळई नव्हतीच. चारही सळयांत थोडा थोडा एस होता. मी लाल रंगाचा डबा परत फळीवर ठेवला. चाचांनी सळयांच्या टोकांना गोळे बसवले आणि चारहींना पांढरा रंग मारला.

बारामतीच्या एसटीत सराटा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "बाई, हा काय नांगराचा नवा फाळ?" मी म्हटलं, "गोबरगॅस आहे." शेजारचे दोघं उठून मागं जाऊन बसले. चांगलं झालं, सराट्याला खिडकी मिळाली.

समितीत तिघं. प्राचार्य, जे पूर्णवेळ पंखा बघत होते. पुण्याहून आलेले विषयतज्ज्ञ, इस्त्री केलेले. आणि संस्थेचे जुने संचालक, धोतर-टोपीतले शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणत. समोर बाकांवर अकरावीचा वर्ग.

आवाज मी निम्म्यावर ठेवला, म्हणून काचा वाचल्या. आधी बंध म्हणजे काय ते घेतलं. दोन अणूंमध्ये दोन इलेक्ट्रॉन, दोघांच्या मालकीचे. पोरं जांभया द्यायला लागली तशी मी म्हटलं, "दोन शेतांच्या मधला बांध. बांध कुणाचा?"

"आमचा!" अर्धा वर्ग ओरडला.

"आणि शेजारी काय म्हणतो?"

"त्याचा!"

"अणूही तेच करतात. इलेक्ट्रॉन मोजायची वेळ आली की कार्बन ती जोडी आपली म्हणून धरतो आणि हायड्रोजनही आपली म्हणून धरतो. दोघंही खोटं बोलत नाहीत."

आबा खुर्चीत पुढं सरकले. "आन् कुणी बांध कोरतं का?"

"कोरतं की! ऑक्सिजन. हायड्रोजनच्या शेजारी आला की जोडी आपल्याकडं ओढत नेतो. कार्बन त्या मानानं सज्जन, मिथेनमध्ये बांध जवळपास मधोमध राहतो."

"मग आमचा शेजारी ऑक्सिजन हाय," आबा म्हणाले आणि वर्ग खिदळला. तज्ज्ञ हसले नाहीत. पुढं मी एसची उडी आणि मिसळणं फळ्यावर घेतलं तेव्हा ते उठले, टेबलावरचा माझा सराटा त्यांनी चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, "यातलं एस कुठलं?"

वर्षभरापूर्वी विचारलं असतं तर मी अभिमानानं लाल गोळा दाखवला असता. मी तो त्यांच्या हातून घेतला आणि टेबलावर टाकला. तीन खाली, एक वर. परत टाकला. "सर, तुम्ही डोळे मिटा, मी परत टाकते. कुठला वर आलाय हे तुम्ही ओळखलंत तर मी बारामती सोडून जाते. यात एस नाही सर. चौघांत चतकोर चतकोर आहे."

ते काही लिहीत होते. तेवढ्यात आबा म्हणाले, "बाई, एक इचारू? त्या कार्बनला कुणी सांगितलं, उडी मार आन् मिसळ म्हणून?"

पाठ केलेल्या आरतीत ह्याचं उत्तर नव्हतं. काहीतरी ठोकून देता आलं असतं. थापा मारण्यात माझा हात कुणी धरत नाही. पण चाचांचं ते कापून टाकलेलं खोकं डोळ्यांपुढं आलं.

"कुणी नाही सांगितलं, आबा. कार्बन उडीही मारत नाही आणि मिसळतही नाही. मिसळतो आपण, वहीत. चारही बंध सारखे असतात, हे मोजलेलं आहे, ते खरं. ते समजून घ्यायला आपल्याकडं एस आणि पी एवढीच हत्यारं असतात, म्हणून आपण त्यांची मोळी बांधून बघतो. खोकं करून सळया बसवायच्या आणि मग खोकं कापून टाकायचं, तसं."

तज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे आधी उडी, मग संकरण, मग बंध, हा क्रम खोटा?"

"क्रम आपल्या समजुतीचा आहे, सर. कार्बनकडं आधी आणि नंतर असं काही घडत नाही."

"आणि तुम्ही अकरा वर्षं वर्गात काय शिकवलंत?"

 प्राचार्यांनी पंख्यावरची नजर काढली. माझ्या उरलेल्या चार महिन्यांचा जीव त्या एका उत्तरावर टांगला होता, हे मला लख्ख दिसत होतं.

"उडीच शिकवली, सर," मी म्हटलं. "घडून गेलेल्या घटनेसारखी. आणि चौथा हायड्रोजन लाल काढला. तो लाल नसतो, हे मला मागच्या आठवड्यात एका वेल्डरनं सांगितलं."

 घंटा झाली. मी सराटा पिशवीत घातला तर एक गोळा पिशवी फाडून बाहेर आला. वरचाच.

पुढचे वीस दिवस मी इतकी गप्प होते की पळसदेवचे मासे वर येऊन चौकशी करायला लागले. एकविसाव्या दिवशी पत्र आलं. नेमणूक, कायम. दोन वेळा वाचलं, मग नवऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि पर्समध्ये घालून पळत चाचांच्या दुकानात गेले.

चाचा उकिडवे बसले होते. समोर नवीन सराटा. दोन सळयांना गोळे, दोन मोकळ्या.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "ह्ये पाणी केलंय. पर मोबाईलमंदी लिवलंय एकशे साडेचार. सराट्याचं एकशे साडेनऊ. पाच अंश गेलं कुठं?"

मी पर्स खाली ठेवली आणि खडू उचलला. "ह्या मोकळ्या दोन सळया आहेत ना, त्यावरही इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात. पण त्यांना पलीकडून धरणारा हायड्रोजन नाही. मग त्या ऐसपैस पसरतात आणि गोळेवाल्या दोघींना एकमेकींकडं ढकलतात."

"म्हंजी ज्या अंगाला शेजारी न्हाय, तिकडं गडी हातपाय पसरतो."

"अगदी तसंच."

"निकाल लागला का न्हाय?" चाचींनी आतून विचारलं.

"थांबा चाची, पाच अंश राहिलेत," मी म्हटलं.

मी फरशीवर आता एकच मोकळी सळई असलेला नायट्रोजन काढत होते, चाचा सळई वाकवून बघत होते. शेवटी चाचींनीच माझी पर्स उघडली, पत्र काढलं, अक्षर अक्षर जुळवत वाचलं आणि साखरेचा डबा आणून दोघांच्या तोंडात चिमूट चिमूट कोंबली.

"कायम झालीस व्हय," चाचा साखर चावत म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला, जसा माणूस घरचं दुखणं सांगताना आणतो. "पोरी, खरं सांग. ह्या समद्या दुनियंत असं काय न्हाईच का, जे माझ्या गुण्यात बसंल?"

"आहे की," मी म्हटलं. "वीजकेंद्रातल्या मोठ्या स्विचमध्ये एक वायू भरतात. मध्ये गंधक, भोवती सहा फ्लोरीन. शेजारशेजारचे कुठलेही दोन धरा, चोख काटकोन."

 चाचांनी हात धुतले, गुण्या सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि सहा सळया मोजून बाजूला काढल्या.